गोळ्या सरकार देतं, मग संस्थेला पैसा कशाला?

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने जगभरची आपली परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. पुढे १ जुलैला ती मदत वाटणारं ‘यूएसएड’ हे खातंच गुंडाळलं. त्या धक्क्यात आपल्याकडे हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथली तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिकं बंद पडली. कल्याण म्हणजे सरकारी नकाशावर कोकण विभागच. ही बातमी व्हॉट्सॲपवरून खाली सावंतवाडीपर्यंत उतरली तोवर तिचं रूप पार बदललं होतं: ‘परदेशातला पैसा थांबला, आता एड्सच्या गोळ्या बंद.’

गोळ्या बंद झाल्या नाहीत, आणि या कारणाने होणारही नाहीत. ज्यांच्या घरात कोणी त्या घेत असेल त्यांनी एवढं वाचून निर्धास्त व्हावं, पुढचं सवडीने वाचलं तरी चालेल. पण मग बंद काय पडलं? गोळ्या सरकार देतं, तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, तर या स्वयंसेवी संस्थांना वेगळा पैसा लागतो कशासाठी? आणि ‘एचआयव्ही, मानवी हक्क आणि सामाजिक विकास’ अशी तीन वेगळी कामं एकाच पाटीवर कशी काय असतात?

गोळ्यांचा पैसा कोणाचा

एचआयव्ही हा विषाणू. त्याच्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एआरटी म्हणजे रोज घ्यायच्या गोळ्या. त्या नेमाने घेतल्या तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि त्या अवस्थेत लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. म्हणजे ही गोळी घेणाऱ्याला वाचवते आणि त्याच्या बायकोलाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब ‘नेमाने’ या एका अटीवर फिरतो.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, सुरू केली. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेचं ८ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज होतं. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला, आणि पुढे काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने सरकारच्या हाती दिला. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. २०१७ पासून तर नियमच असा आहे की तपासणी पॉझिटिव्ह आली की प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या घसरायची वाट न बघता लगेच औषध सुरू करायचं. सुरुवातीचा बराच पैसा बाहेरचा होता; आज परिस्थिती उलटी आहे. कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १५,४७१.९४ कोटी रुपयांचा, मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची, आणि तो पूर्णपणे केंद्राच्या खर्चाने चालणारी योजना म्हणून मंजूर झाला. वॉशिंग्टनमध्ये कोणी सही केली म्हणून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातल्या गोळ्या संपत नाहीत, त्या यामुळे.

दवाखाना आणि माणूस यांच्या मधलं काम

आता एक खलाशी घ्या. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात बोटीवर काम करतो, मूळचा कर्नाटकातला किंवा नेपाळचा. ताप जात नाही म्हणून दवाखान्यात गेला, तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाला. त्याला गोळ्या मिळाल्या, पुढची तारीखही मिळाली. त्या तारखेला बोट समुद्रात आहे. परत आला तेव्हा मासळी उतरवायची होती, मग पुन्हा बोट निघाली. गोळ्या संपून महिना झाला. १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत दर्याला जायचं नाही, म्हणून तो गावी गेला. ऑगस्टमध्ये परत येईल, पण याच बंदरात येईल की मालवणात, की गोव्यात, ते त्यालाही ठाऊक नाही.

दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘एलएफयू’ असा शेरा पडतो. पाठपुराव्यातून सुटलेला, एवढाच त्याचा अर्थ. या क्षेत्रातले लोक हे तीन अक्षरी नाव दिवसातून दहा वेळा घेतात. त्याला शोधायला डॉक्टर बंदरावर जाऊ शकत नाही, परिचारिका जाऊ शकत नाही. त्यांच्या दारात रांग असते. जाते ती संस्थेची कार्यकर्ती. तिला तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारावं लागतं की अमुक खलाशी कुठे आहे, आणि का विचारते आहे हे मात्र सांगता येत नाही. ती आधार कार्डाचं काम आहे म्हणते, बँक खात्याचं काम आहे म्हणते. खलाशी सापडला की त्याला जवळच्या केंद्रात नेऊन पुढच्या गोळ्या, जमल्या तर जास्त दिवसांच्या, मिळवून देते.

किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतली बाई घ्या. नवरा मुंबईत चाकरीला होता, वारला. ती आणि धाकटा मुलगा, दोघंही गोळ्यांवर. जिल्ह्याच्या ठिकाणचं केंद्र तिला सोयीचं आहे, पण तिथे ओळखीचं कोणी भेटेल या धास्तीने ती मुंबईला भावाकडे जाऊन औषध आणते. कोकणात दोन माणसं भेटली की ‘तुम्ही कुठचे?’ इथून सुरुवात होते आणि पाच मिनिटांत नातं निघतं. एरवी हे आपलं वैभव आहे, इथे मात्र तेच आड येतं. एसटीत एचआयव्ही असलेल्यांना प्रवास सवलत आहे, पण ती घ्यायची तर गावच्या गाडीत वाहकाला कागद दाखवायचा. म्हणून ती पूर्ण तिकीट काढते.

तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, मुलासाठी बाल संगोपन योजना आहे. अर्ज भरायचा, तलाठ्याचा दाखला आणायचा, तहसील कार्यालयात फेऱ्या मारायच्या, आणि हे सगळं आजाराचं नाव गावात न फुटता. सामाजिक विकास, सामाजिक विकास म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो: एका बाईच्या फायलीमागे कोणीतरी चारदा तहसीलला जाणं.

पैसा येतो त्या वाटा

हे काम करणाऱ्या संस्थेला पैसा मुख्यतः चार ठिकाणांहून येतो: सरकारी करार, परदेशी निधी, कंपन्यांचा सीएसआर आणि लोकांच्या देणग्या. प्रत्येकाची अट निराळी, आणि खरी गोष्ट त्या अटींत आहे.

सगळ्यात मोठा देणारा सरकारच आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. नाकोचा पैसा महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत स्थानिक संस्थांना मिळतो. या करारांना ‘टीआय’ म्हणतात. म्हणजे ज्यांना लागण होण्याचा धोका जास्त, अशा ठरावीक गटांत केलेलं काम: सेक्स वर्कर, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. यातला कणा म्हणजे ‘पीअर’, त्याच गटातली, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी व्यक्ती. साधारण साठ जणांमागे एक पीअर असतो. त्याला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. खेडेगावांसाठी ‘लिंक वर्कर’ नावाची वेगळी योजना आहे.

या कराराची रचना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिला संख्या लागते. एका भागात ठरावीक इतके लोक असतील तर प्रकल्प मंजूर होतो. मुंबई, भिवंडी, पुणे इथे ते जमतं. आमच्याकडे किनारा लांबलचक, वाड्या विखुरलेल्या, खाडीपलीकडे जायचं तर वळसा घालून जायचं. दापोलीत वीस, गुहागरात पंधरा, राजापुरात दहा माणसं असतील तर त्यांची बेरीज कागदावर भरते, पण त्यांना भेटायला लागणारा प्रवासखर्च शहराच्या हिशोबाने बांधलेल्या बजेटात मावत नाही. शिवाय करार वर्षाचा, पैसे हप्त्याने, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा. हप्ता उशिरा येतो ही देशभरची जुनी तक्रार आहे. उशीर झाला की पहिल्यांदा थांबतं ते मानधन. आणि ज्याचं मानधन थांबलं तो पीअर गेला की त्याच्याबरोबर साठ लोकांचे फोन नंबर जातात असं नाही, नंबर वहीत असतात. त्यांचा त्याच्यावरचा विश्वास जातो. नवा माणूस नेमला तरी तो विश्वास बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तोवर करार संपलेला असतो.

परदेशी पैशाचं गणित

परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. कायदा जुना, १९७६ चा. २०१० मध्ये नव्याने केला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात मोठे बदल झाले. आता सगळा परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि एका संस्थेने आपल्याला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, दोघींची नोंदणी असली तरी.

कोकणासाठी हा शेवटचा बदल सगळ्यात जड. पूर्वी मुंबईतली मोठी संस्था परदेशी निधी मिळवायची, इंग्रजीत अहवाल लिहायची, लेखापरीक्षण सांभाळायची, आणि त्यातले काही लाख चिपळूण किंवा कुडाळच्या लहान संस्थेला काम करायला द्यायची. लहान संस्थेला परदेशी देणगीदाराचं तोंडही बघावं लागत नव्हतं. ती वाट बंद झाली. स्वतःची नोंदणी करायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. ज्यांच्याकडे पैसा नाही म्हणून त्या परदेशी निधी शोधत होत्या, त्यांना आधी १५ लाख खर्चून दाखवा म्हणणं गमतीचं आहे.

हा निधी तसाही आटतो आहे. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी जगभर पैसा जमवणारा ‘ग्लोबल फंड’ २००२ पासून आहे. भारत त्यातून घेतोही आणि त्यात देतोही. २०२२ मध्ये त्याच्याकडे १५.७ अब्ज डॉलरची आश्वासनं जमली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मागणी होती १८ अब्जांची, जमले ११.३४ अब्ज. मागे, २०२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बहुतेक देशांनी एक जाहीरनामा केला होता: २०२५ पर्यंत धोका असलेल्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या सेवांतल्या ८० टक्के त्या त्या समाजाच्या स्वतःच्या संस्थांनी द्याव्यात. जाहीरनामा झाला, तिजोरी मात्र उलट्या दिशेला गेली.

कंपन्यांचा पैसा आणि फोटोचा प्रश्न

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही पार करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. हाच सीएसआर. शिवाय कंपनी जिथे आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायद्यात लिहिलंय. रोहा, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यात कारखाने कमी नाहीत. मग अडचण काय?

एक बारीक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. कायदा मूळ झाला तेव्हा सीएसआरच्या कामांच्या यादीत, म्हणजे सातव्या अनुसूचीत, एचआयव्ही आणि एड्सशी लढणं हे नावानिशी होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये, नियम लागू व्हायच्या आधीच, यादी बदलली आणि तिथे ‘प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा’ असे मोठे, गुळगुळीत शब्द आले. त्या शब्दांत एचआयव्ही बसतो, कायद्याने काहीच आडकाठी नाही. पण कंपनीच्या समितीसमोर डोळ्यांचं शिबिर, शाळेचं शौचालय आणि एचआयव्ही असे तीन प्रस्ताव आले तर तिसरा मागे पडतो. शिबिराचा फोटो निघतो. शौचालयावर कंपनीची पाटी लागते. एचआयव्हीच्या कामात ज्याला मदत झाली त्याचा फोटो काढता येत नाही, नाव छापता येत नाही, त्याला व्यासपीठावर बोलावून शाल देता येत नाही. काम जितकं नीट झालं असेल तितकं ते दिसत नाही. ज्याला वार्षिक अहवालात छापायचंय, त्याच्या दृष्टीने हा वाईट माल आहे.

खर्च कशाचा मिळतो, कशाचा नाही

या सगळ्या देणाऱ्यांमध्ये एक सवय सारखी आहे: ते कामाचा खर्च देतात, काम करणाऱ्या घराचा देत नाहीत. बोटीचं उदाहरण घ्या. कोणी डिझेलचे पैसे द्यायला तयार आहे, कोणी बर्फाचे. दोघंही विचारतात, किती टन मासळी आणलीत? पण जाळी सांधायला, इंजिन उतरवून दुरुस्त करायला, पावसात बोट किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायला, त्या दोन महिन्यांत तांडेल दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याला काही द्यायला कोणाच्याच यादीत रकाना नाही. ऑगस्टमध्ये डिझेल तयार असतं आणि बोट गळत असते.

संस्थेची जाळी म्हणजे हिशोबनीस, कार्यालयाचं भाडं, लेखापरीक्षकाची फी, दोन प्रकल्पांच्या मधल्या महिन्यांचे पगार. माझ्या माहितीतल्या एका लहान संस्थेत समुपदेशक बाईच संध्याकाळी हिशोब लिहायच्या आणि मार्चअखेर आला की समुपदेशन जवळजवळ थांबायचं. देणाऱ्याला वाटतं आपण वायफळ खर्च वाचवला. त्याने वाचवलेला तो पैसा प्रत्यक्षात समुपदेशनातून कापला गेलेला असतो.

हक्कांचं काम आरोग्याच्या पैशातून का

इथे बहुतेक वाचक अडतात. आजारावर उपचार ठीक, पण वकील, कोर्ट, मोर्चा हे कशाला?

याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात सापडतं. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केलं होतं. त्या रक्तात एचआयव्ही सापडला. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद होती. पोलिसांनी त्याला नेलं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला डांबलं. त्याच्या आईने, ल्युसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. तो बाहेर आला, पण न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

आता विचार करा, त्या काळात म्हापशाचा किंवा वेंगुर्ल्याचा दुसरा एखादा तरुण आपणहून तपासणी करून घ्यायला गेला असता का? तपासणी केंद्र शेजारी असो, फुकट असो, ज्या दारातून आत गेल्यावर पोलीस येतात त्या दारात कोणी पाऊल ठेवत नाही. भीती कमी करणं हेच आरोग्याचं काम झालं, आणि ती भीती कायद्याने निर्माण केलेली असेल तर ती कमी करायला वकीलच लागतो.

ही साखळी पुढेही दिसते. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक रोजंदारी कामगार आला. एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून कमी केलं होतं. न्यायालयाने त्याचं खरं नाव न वापरता, फक्त इंग्रजी अक्षरांनी खटला चालवू दिला आणि निकाल त्याच्या बाजूने दिला: माणूस काम करायला धडधाकट असेल तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला काढता येत नाही. २००१ मध्ये लखनौमध्ये समलिंगी पुरुषांत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडून तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी ‘नाझ फाउंडेशन’ या एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थेने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणं साधं होतं: ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं त्यांनाच कायदा गुन्हेगार म्हणतो, तर आम्ही पोहोचायचं कसं? तो लढा ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयात संपला. चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ लागू झाला.

या कायद्याने नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभावाला मनाई केली, संमतीशिवाय तपासणी आणि संमतीशिवाय नाव उघड करणं बेकायदा ठरवलं. १०० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, आणि दवाखाना असेल तर २० किंवा जास्त, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा आहे. त्यावर राज्याचा लोकपाल. त्याने ३० दिवसांत, आणि वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा.

पण शंभर माणसांची आस्थापना आमच्याकडे किती? बोटीवर दहा-बारा जण, आंब्याच्या बागेत राखणीला दोन, हॉटेलात आठ, चिरेखाणीत वीस. कायदा त्यांनाही संरक्षण देतो, पण तक्रार ऐकायला तिथे कोणी बसलेलं नाही. खलाशाला बोटीवरून उतरवलं तर लोकपालाला अर्ज लिहिणार कोण? त्याला मराठी येत नाही, राहायला जागा उरलेली नाही. हे काम करणारी व्यक्ती संस्थेतच असते, आणि तिचा खर्च गोळ्यांच्या बजेटात नाही, टीआयमध्ये फार तर पोलीस ठाण्यातल्या एखाद्या बैठकीपुरता, सीएसआरमध्ये तर कंपनीचा वकीलच नको म्हणतो. परदेशी निधीतून या कामाला थोडा पैसा मिळायचा. म्हणून पैसा आटला की गोळ्या राहतात आणि हे जातं.

या कामाचा उपयोग दिसायला वेळ लागतो, पण दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सेक्स वर्कर स्त्रियांना पत्त्याच्या नेहमीच्या पुराव्याशिवाय, नाको किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यायला सांगितलं. आधार आलं की रेशन, बँक खातं, मुलाची शाळा अशी एकेक गोष्ट मार्गी लागते.

‘पण कोकणात हा रोग राहिलाय कुठे?’

मुंबईच्या मानाने आकडा लहान आहे, खरं आहे. देशात २५ लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगतात, प्रौढांमधलं प्रमाण साधारण ०.२ टक्के, आणि २०१० ते २०२३ या काळात दरवर्षीच्या नव्या लागणी ४४ टक्क्यांनी घटल्या. ही घट आपोआप झालेली नाही. वर सांगितलेल्या कामाने झाली. शिवाय जिथे घराघरातला कर्ता मुंबईत, बोटीवर किंवा आखातात, आणि हायवेवर रात्रंदिवस ट्रक, तिथे शहराचा आकडा आणि गावचा आकडा वेगळे करता येत नाहीत. गणपतीला आणि शिमग्याला मुंबई गावात येतेच.

‘एनजीओवाले पैसे खातात’

काही खातात. कागदी संस्था असतात, मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यापुरत्या जाग्या होणाऱ्याही असतात. त्यावर उपाय हिशोब मागणं हा आहे, आणि तो मागता येतो: सार्वजनिक न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला वेगळा वार्षिक अहवाल केंद्रीय गृहखात्याला. एवढ्या तपासण्या आपल्या ग्रामपंचायतीतल्या रस्त्याच्या ठेकेदाराला असत्या तर आपण पावसात खड्डे मोजत बसलो नसतो.

‘परदेशी पैसा म्हणजे परदेशी अजेंडा’

कोणत्याही देशाला बाहेरून येणारा पैसा तपासायचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये एफसीआरएचे बदल कायम ठेवताना हेच सांगितलं, परदेशी देणगी मिळवणं हा कोणाचा निरपवाद हक्क नाही. मला ते पटतं. माझी अडचण पुढची आहे. परदेशी दार अरुंद करायचं तर देशी दार तेवढं रुंद व्हायला हवं होतं, ते झालं नाही. एफसीआरएमुळे जे हक्कांचं काम थांबलं, ते उचलायला कोणती देशी योजना पुढे आली, हा प्रश्न अजेंड्याची चिंता करणाऱ्यांनीच आधी विचारायला हवा.

गावच्या मंडळाकडून काही होईल का

कोकणाला पैसा गोळा करायला कोणी शिकवायची गरज नाही. मनीऑर्डरीवर गावं चालली, आणि आजही मुंबईतली ग्रामविकास मंडळं मंदिराचा जीर्णोद्धार, सभागृह, शाळेची कौलं, भजनाची पेटी यांसाठी लाखांनी वर्गणी काढतात. या पैशाला हप्ता नाही, उपयोगिता प्रमाणपत्र नाही, दिल्लीतलं खातं नाही. मोठ्या निधीच्या यादीत जे बसत नाही तेच इथे बसतं: केंद्रापर्यंतचं गाडीभाडं, तहसीलच्या फेऱ्या, मानधन अडकलेल्या तीन महिन्यांत पीअरला उसने देण्यापुरती रक्कम, लोकपालाकडच्या अर्जाचा खर्च. एका मंडळाने वर्षाला पन्नास हजार दिले तरी तालुक्याला फरक पडेल. संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (‘८०जी’) असेल तर जुन्या कर-पद्धतीत देणाऱ्याला आयकरात निम्म्या रकमेची वजावट मिळते. रोख दिलं तर ती दोन हजारांपर्यंतच, तेव्हा धनादेशाने द्यावं.

सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून विचारणारच, ‘कोणाकोणाला दिले? नावं सांगा.’ नावं कायद्याने सांगता येत नाहीत, आणि मागणाराही नाव ऐकण्यासाठीच मागत असेल तर अध्यक्षांनी त्याला खाली बसवावं. संस्थेकडून मागायचं ते एवढं: किती जणांना केंद्रापर्यंत नेलं, किती एलएफयू परत गोळ्यांवर आले, किती निराधार अर्ज मंजूर झाले, आणि लेखापरीक्षकाच्या सहीचा हिशोब. ज्याला स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी काही विचारायचं असेल, त्याच्यासाठी नाकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मराठीत बोललं तरी चालतं, नाव सांगावं लागत नाही.